गाडी बदलायची तर आधी तिसऱ्या रांगेत बसून पाहा

आपल्या व्यापारी कुटुंबांत गाडी ही एकट्या माणसाची चीज नसते. दोन-तीन भावांचे घर, त्यांची मुले, म्हातारी आई, सुट्टीत माहेरी आलेली बहीण, एवढ्या सगळ्यांचा हक्क एकाच गाडीवर असतो. सकाळी तीच गाडी सुताच्या व्यापाऱ्याकडे जाते, दुपारी दवाखान्यात आणि संध्याकाळी वलीम्याला. म्हणून मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावांत तीन रांगांच्या गाडीला नेहमीच मान राहिला. १९९४ साली सुमो आली, २००० साली क्वालिस, २००४ साली टवेरा आणि २००५ साली इनोव्हा. यांतल्या पहिल्या तिन्ही गाड्यांचे उत्पादन कधीच बंद झाले आहे. जुन्या इनोव्हाही आता वयात आल्या आहेत. पंधरा वर्षे झाली की पुन्हा नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर यांची कटकट सुरू होते. तेव्हा बऱ्याच घरांत सध्या एकच चर्चा आहे, जुनी काढून नवी कोणती घ्यावी?

या चर्चेत मी एक गोष्ट पाहतो. गाडीची निवड होते ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून. मोठा पडदा, छताची काच, रंगीत दिवे, गार हवा सोडणारी सीट, आपोआप उघडणारी डिकी, हे सगळे पाहून पुढे बसणारा खूश होतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. पण सात माणसांची गाडी सातव्या माणसासाठी असते. पुढचा माणूस तर कोणत्याही गाडीत आरामात बसतो. माझे स्पष्ट मत असे की, ज्या गाडीचा आराम शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही ती कुटुंबाची गाडी नव्हे. तो मालकाचा शौक आहे आणि खर्च मात्र सगळ्या घराचा आहे.

शोरूममध्ये काय पाहावे?

शोरूमला एकट्याने जाऊ नये. आईला, बायकोला आणि घरातल्या सर्वांत उंच मुलाला सोबत न्यावे. पहिली परीक्षा चढण्याची. जीपच्या बांधणीची उंच गाडी रस्त्यावर रुबाबदार दिसते, पण गुडघ्यांनी थकलेल्या म्हातारीला आणि बुरख्यातल्या बाईला ती पायरी रोज चढायची असते. दुसरी परीक्षा मागे जाण्याची. मधली सीट पुढे पाडून मागे जावे लागते की दोन सीटच्या मधून वाट आहे, ते स्वतः आत जाऊन पाहावे. तिसरी परीक्षा बसण्याची. पुष्कळ एसयूव्हींमध्ये मागची तळफळी उंच असते, त्यामुळे गुडघे छातीकडे येतात. दहा मिनिटे हे चालते, मालेगावहून मुंबईपर्यंत चालत नाही. चौथी परीक्षा हवेची. तिसऱ्या रांगेला एसीची स्वतंत्र जाळी आहे का आणि तिचा पंखा वेगळा फिरतो का? मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की हा प्रश्न ऐषाआरामाचा राहत नाही. पाचवी परीक्षा सामानाची. सातही माणसे बसवून डिकी उघडावी. अनेक मोठ्या दिसणाऱ्या गाड्यांत तेव्हा दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. मग नमुन्याचे तागे कुठे ठेवणार आणि उमऱ्याहून परतणाऱ्यांचे सामान कुठे?

मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या घ्याव्यात की एकसंध बाक, हा वादही घराघरांत आहे. खुर्च्यांनी वडीलधाऱ्यांना खरा आराम मिळतो आणि मागे जायला वाटही मिळते, पण एक माणूस कमी होतो. घरात नेहमीची माणसे सहा असतील तर खुर्च्या घ्याव्यात, सात असतील तर बाकच बरा. सातव्याला मांडीवर बसवणे हा उपाय नव्हे, तो धोका आहे.

आता नावे घेऊन बोलू. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस २०२२ च्या अखेरीस आली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २,८५० मिलिमीटर आहे, तळ सपाट आणि खाली आहे. तिच्या हायब्रिड जातीला कंपनी लिटरला २३.२४ किलोमीटर सांगते. रस्त्यावर तेवढे मिळत नाही, तरी एवढ्या मोठ्या पेट्रोल गाडीला ते पुष्कळ आहे. टाटाची सफारी आणि महिंद्राची २०२१ साली आलेली एक्सयूव्ही ७०० या ताकदीच्या आणि सजावटीच्या बाबतीत कमी नाहीत. सुरक्षेच्या चाचणीत दोन्हींनी पाच तारे मिळवले आहेत. पण त्या मुळात एसयूव्ही आहेत, तिसरी रांग त्यांत मुलांसाठी बरी. म्हणून माझा हिशेब सोपा आहे. ज्यांची तिसरी रांग आठवड्यातून चार दिवस भरते त्यांनी रुबाब सोडून इनोव्हाच्या घडणीची गाडी घ्यावी. ज्यांची ती ईदला आणि लग्नालाच भरते त्यांनी एसयूव्ही खुशाल घ्यावी. बजेट कमी असेल तर अर्टिगा आणि किया कॅरेन्स आहेतच. चार मीटरच्या आतली रेनो ट्रायबरसुद्धा सात माणसे नेते, फक्त लांबच्या सफरीची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

इंधनाची निवडही वापर पाहून करावी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर एका वेगात पळावी लागते. जी गाडी दिवसभर कारखाना, दुकान, शाळा एवढीच फिरते तिची गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचे बिल मोठे येते. महिन्यात चार वेळा सुरत-मुंबई करणाऱ्याला डिझेल फायद्याचे आहे, गल्लीत फिरणाऱ्याला पेट्रोल किंवा हायब्रिड.

कोणता ऐषाराम खरा?

छताच्या मोठ्या काचेसाठी लोक वरची जात घेतात. आपल्याकडच्या उन्हात ती काच वर्षातले आठ महिने पडद्याआड असते. उरलेल्या दिवसांत मुले तिच्यातून डोकी बाहेर काढतात, ते तर जिवाशी खेळणे आहे. स्वतः ब्रेक लावणारी आणि पट्ट्यांमध्ये गाडी धरून ठेवणारी नवी यंत्रणा समृद्धी महामार्गावर कामाची आहे. जिथे रस्त्यावर पट्टेच नाहीत आणि हातगाडी, सायकल, बकरी एकदम आडवी येते, तिथे तिच्यावर भरवसा ठेवू नये. याउलट चहूबाजूंचा कॅमेरा आपल्या अरुंद गल्ल्यांत रोज उपयोगी पडतो, कारण उंच गाडीच्या मागे उभे असलेले लहान मूल आरशात दिसत नाही. माझ्या लेखी हा कॅमेरा, मागचा एसी आणि पुरेशा एअरबॅग हाच खरा ऐषाराम.

एअरबॅगचा आकडा विचारून थांबू नये. बाजूच्या काचेवर उघडणारी पडद्याची एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, मागच्या प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, डोक्यामागे उशी आहे का, हे विचारावे. सरकारची भारत एनकॅप चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, आपल्या पसंतीच्या गाडीचा निकाल त्यात पाहून घ्यावा. आणि पट्टा असून तो बांधला नाही तर सगळे व्यर्थ. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर अपघाती मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. यापेक्षा मोठी नसीहत कोणती?

किमतीत कर किती?

व्यापारी माणसाने हा भाग दोनदा वाचावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी आला. पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के होत. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के आहे आणि त्यांतही आता तीन रांगांच्या गाड्या आल्या आहेत. घरी चार्जिंगची सोय असेल तर त्यांचा विचार जरूर करावा.

समजा, एका डिझेल गाडीची शोरूम किंमत २२ लाख आहे. तीत जीएसटी सुमारे सव्वासहा लाख असतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खाजगी डिझेल गाडीला पासिंगच्या वेळी १५ टक्के कर, म्हणजे आणखी ३ लाख ३० हजार. विमा वेगळा. म्हणजे पावणेसोळा लाखांच्या मालावर साडेनऊ लाखांहून अधिक कर भरावा लागतो. अनेकांचा समज असा की, फर्मच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो. तसे नाही. ड्रायव्हर धरून तेरापर्यंत माणसांच्या प्रवासी गाडीवर कापडाच्या व्यापाऱ्याला ती वजावट मिळत नाही. उलट कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर राज्याचा कर २० टक्के लागतो. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता जो १ टक्का टीसीएस घेतो, तो मात्र आयकराच्या विवरणात वळता करून मिळतो, ती पावती जपावी. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला आयकरात १५ टक्के घसारा आहे, पण पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल तर निम्माच. आणि हा घसारा धंद्याच्या फेऱ्यांपुरताच दाखवावा. लग्नाच्या वरातीचे डिझेल दुकानाच्या खात्यात लिहिणे ही बचत नव्हे, खोटेपणा आहे.

जुनी गाडी देतानाही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विम्यात क्लेम न घेतल्याची सवलत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ती गाडीची नसून मालकाची असते, नव्या गाडीच्या विम्याला ती लावून घेता येते. तिचे पत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे. दुसरे, आरसी बुकावरचे नाव बदलल्याशिवाय निश्चिंत राहू नये. कागदोपत्री मालक तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. गाडी विकली पण नाव तसेच राहिले आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची नोटीस आपल्याच दारी येते.

पैसा कुठून येणार?

आता मूळ मुद्दा. वीस लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१ हजार ५०० होतो आणि एकूण व्याज ४ लाख ९० हजारांच्या घरात जाते. व्याजाचे दीनी वजन काय ते आपण सगळे जाणतो, इथे सांगायची गरज नाही. देशात इस्लामी बँकिंगची खिडकी उघडण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने पुढे न नेण्याचे ठरवले, हे २०१७ साली स्पष्ट झाले. बिनव्याजी सोसायट्या आहेत, पण त्यांचे पैसे गरजूंसाठी असतात. छताला काच असलेल्या गाडीसाठी त्यांच्या दारात रांग लावणे शोभत नाही. मग राहतो तो जुना मार्ग. जी रक्कम हप्त्यात जाणार होती ती दरमहा बाजूला ठेवावी, जुनी गाडी आणखी दोन-तीन वर्षे नीट राखावी आणि जमेल तेवढ्याच किमतीची घ्यावी. गरज आजच असेल तर तीन-चार वर्षे वापरलेली चांगली गाडी पाहावी. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा घाव सोसलेला असतो.

यापेक्षाही एक वाईट रीत बाजारात रूढ होते आहे. गाडी रोखीने घेतली असे सांगतात, पण ती रोकड कोणाची? मागवाल्याचे तीन-तीन महिन्यांचे पैसे अडकलेले असतात, तो सूतवाल्याला तोंड दाखवू शकत नाही, त्याच्या कामगाराचा आठवडा चुकतो आणि इकडे दारात नवी गाडी उभी असते. लहान उद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास तो खर्च त्या वर्षी आयकरात धरू नये, अशी तरतूद २०२३ साली झाली तेव्हा कापड बाजारात केवढा गदारोळ उठला! खरे तर मजुराचा मोबदला वेळेवर देण्याची शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. दुसऱ्याची अमानत स्टिअरिंगवर धरून फिरण्यात कसली शान? बाजारात साख गाडीने होत नाही, वेळेवर दिलेल्या पैशाने होते.

ऐषाराम हराम आहे असे कोणी समजू नये. ऐसपैस सवारी ही नेमत आहे आणि आई-वडिलांना आरामात नेणे हा सवाबच. इसराफ सुरू होतो तो गरज संपून दाखवणे सुरू होते तिथे. आपल्या वापराच्या गाडीवर जकात नाही हे खरे. पण दुकानातल्या मालावर आहे, हिशेब तिथला आधी करावा.

म्हणून गाडी बुक करण्यापूर्वी दोन कामे करावीत. देण्यांची वही उघडून पाहावी, ती कोरी झाल्यावरच शोरूमची वाट धरावी. आणि तिथे गेल्यावर पुढचे दार सोडून मागचे उघडावे, तिसऱ्या रांगेत अर्धा तास बसावे. जे आपल्याला तिथे सोसवणार नाही ते आपल्या मुलाबाळांच्या वाट्याला देऊ नये. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि ती योग्य जागी खर्च करण्याची तौफीक देवो. आमीन.