शब्दांना तारण हवे

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरातली मुलगी एक जाडजूड वही घेऊन माझ्याकडे आली. बी.एस्सी. झालेली, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी. वडिलांचा पानमळा आहे. रामटेकची विड्याची पाने एकेकाळी दूरवर जात, त्या मळ्यांपैकी जे थोडे उरले आहेत त्यातला एक. वहीत तिने इंग्रजी शब्द उतरवून काढले होते, 'मिटिगेट', 'डिप्लीट', 'रिझिलियन्ट', 'व्हायेबल' असे शेकड्यांनी. प्रत्येकापुढे अर्थ आणि अर्थापुढे चार समानार्थी शब्द.

"काकाजी, पाठ तर होतात, पण चार दिवसांत उडून जातात. तुम्ही तर बँकेत होते. तुम्हाला कसं जमलं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मी अडखळलो. कारण मलाही ते जमले नव्हते. पाचवीपासून इंग्रजी शिकलेली आमची पिढी. बँकेत लागलो तेव्हा परिपत्रके आणि जुन्या फायली हीच माझी शाळा झाली. आधीच्या अधिकाऱ्याने जे वाक्य लिहिले असेल तेच आपण लिहायचे, फक्त नाव आणि रक्कम बदलायची. अशा इंग्रजीवर मी तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली, बढत्याही मिळवल्या. कादंबऱ्या मात्र मराठीत लिहिल्या. इंग्रजीत मला काही म्हणायचेच नव्हते, फक्त कळवायचे होते.

मी तिला म्हटले, "वही ठेव बाजूला. आपण एक पुस्तक वाचू."

पुस्तक कोणते, हे सांगितले की लोक आजही भुवया उंचावतात. ते होते पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी', २०१५ साली प्रसिद्ध झालेले पर्यावरणावरचे धर्मपत्र. सहा प्रकरणे, २४६ परिच्छेद. बढतीनंतर दोन वर्षे मी वसईला होतो. विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाते आणि बागायतीच्या विहिरी खाऱ्या होतात, ही तिथल्या शेतकऱ्यांची व्यथा मी काउंटरच्या अलीकडून ऐकली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसई संरक्षण समितीची चळवळ त्या भागाने पाहिली होती. एक धर्मगुरू झाडांसाठी आणि विहिरींसाठी रस्त्यावर उतरतो, आणि तोच पुढे 'सुबोध बायबल' मराठीत आणतो, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, याचे मला तेव्हाही कौतुक होते, आजही आहे. तिथल्याच एका जुन्या खातेदाराने हे पुस्तक मला पाठवले होते. कपाटात पडून होते.

आमची पद्धत ठरली. रोज संध्याकाळी अंबाळ्याच्या काठी घाटाच्या पायऱ्यांवर बसून एक परिच्छेद वाचायचा. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी वाक्यावरून ताडायचा, मग शब्दकोश उघडायचा. आणि घरी गेल्यावर तो परिच्छेद आजीला आपल्या बोलीत सांगायचा, एकही इंग्रजी शब्द न वापरता. आजीला कळला तर शब्द आला, नाही कळला तर उद्या पुन्हा तोच.

ही आजी म्हणजे आमची खरी परीक्षक. 'अँथ्रोपोसेंट्रिझम' हा इंग्रजीतला सोळा अक्षरांचा राक्षस मुलीने तिला समजावला, "आजी, म्हंजे माणूसच सगळ्याच्या मधात, बाकी सारं त्याच्यासाठी." आजी गडाकडे हात करून म्हणाली, "मंग वांदराईनं काय करावं बाई?" गडमंदिराच्या पायऱ्यांवर पिढ्यानपिढ्या प्रसादावर हक्क सांगणाऱ्या वानरांचा मुद्दा पोपसाहेबांनाही मान्य झाला असता. मुलगी तो शब्द आता विसरणे शक्य नाही.

'थ्रोअवे कल्चर'ला आजीने 'फेकाफेकी' म्हटले. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत पूर्वी पळसाच्या पत्रावळी असत, जेवण झाले की गुरे त्या खात, उरलेल्या मातीत जात. पुढे थर्माकोल आला. २०१८ साली सरकारने त्यावर बंदी घातली, तरी तळ्याच्या काठाला फिरून या, बंदी किती झाली ते दिसते. 'डिग्रेडेशन' आणि 'बायोडिग्रेडेबल' या दोन शब्दांतला फरक आम्ही तिथेच बसून शिकलो. एकात ऱ्हास आहे, दुसऱ्यात पुन्हा माती होणे आहे.

मला स्वतःला चकित केले ते एका जोडीने. 'इकॉनॉमी' आणि 'इकॉलॉजी' हे दोन्ही शब्द ग्रीक भाषेतल्या 'ऑइकॉस' म्हणजे घर या एकाच शब्दातून आलेले. एक घराचा कारभार, दुसरे घराचे शास्त्र. दुसरा शब्द अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली घडवला, पहिला कितीतरी जुना. सारी नोकरी मी पहिल्या शब्दाच्या चाकरीत घालवली आणि दोघे भाऊ आहेत हे निवृत्तीनंतर एका धर्मपत्राच्या निमित्ताने कळले. त्या पत्राच्या उपशीर्षकातही पृथ्वीला आपले सर्वांचे घरच म्हटले आहे. पृथ्वी ही प्रत्येक पिढीला उसनी मिळालेली ठेव आहे, ती पुढच्या पिढीला परत करायची आहे, असा विचार त्यात येतो. श्रीमंत देशांवर गरीब देशांचे 'पर्यावरणीय ऋण' आहे, असेही म्हटले आहे. वाटेल ती किंमत मोजून बँका वाचवायच्या आणि भार जनतेवर टाकायचा, यावरही टीका आहे. ती वाचताना मी जरा घसा खाकरला. मुलगी हसली.

तीन आठवड्यांनी तिचे वडील आले. दारातच उभे राहिले.

"राग नका मानजा साहेब. पोरीले तुमी शिकवता, उपकार हायेत. पण हे पुस्तक पोपचं हाय म्हणते. लोकं विचारतात."

मला राग आला नाही. शंका प्रामाणिक होती. मी त्यांना आत बसवले. म्हटले, माझी आजी कधी शाळेत गेली नाही. श्रावणात 'शिवलीलामृत' लावून लावून तिला अक्षरे लागली. पोथीतून वाचायला शिकलेल्या बायका तुमच्याही घरात होत्या. त्यांनी शब्द आधी मिळवले, मग त्याच शब्दांनी सावकाराची चिठ्ठीही वाचली. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि आपली मराठी अशी शिकला की १६१६ साली त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. आपल्या पुराणांची धाटणी उचलल्याने तो हिंदू झाला नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. तिथे मिळालेल्या इंग्रजीच्या बळावर त्यांनी जगभरचे विचार वाचले आणि पुढे १८७३ साली सत्यशोधक समाज काढला.

त्यांचे समाधान पूर्ण झाले असे मी म्हणणार नाही. पण जाताना म्हणाले, "माय म्हणते, पुस्तकात पाण्याचं सांगतात. तेवढं मलेही सांगजा."

इथे कोणी विचारील, धर्मग्रंथच कशाला? वर्तमानपत्र का नाही, विज्ञानाचे पुस्तक का नाही? जरूर घ्यावे. माझा आग्रह धर्माचा नाही, पोटतिडकीचा आहे. ज्या लिहिणाऱ्याला काही पटवून द्यायचे आहे, तो शब्द तोलून वापरतो. आणि वाचणाऱ्याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. आम्ही पुष्कळदा नाही म्हटले. लोकसंख्येबाबत त्या पत्रातली भूमिका मुलीला मुळीच पटली नाही. तिने आपली हरकत इंग्रजीत दीड पान लिहून काढली. चुका होत्या, पण यादीतले सात शब्द तिने तिथे न ठरवता वापरले होते. यादी पाठ करून हे होत नाही. यादीतल्या शब्दाशी भांडता येत नाही.

आणि आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला बसलो, त्याकडे येतो. एके दिवशी तिने आपली जुनी वही चाळता चाळता विचारले, "काकाजी, 'व्हायेबल'चा अर्थ 'व्यवहार्य' लिहिलाय. म्हणजे नक्की काय?"

हा शब्द मी आयुष्यात हजार वेळा तरी लिहिला असेल. विहिरीच्या आणि पंपाच्या प्रत्येक कर्जप्रकरणावर शेवटी एक वाक्य असे, 'टेक्निकली फीझिबल अँड इकॉनॉमिकली व्हायेबल'. शिक्क्यासारखे. ते लिहिले की प्रकरण पुढे सरके. मी शब्दकोश काढला. मूळ फ्रेंच 'व्ही', त्यामागे लॅटिन 'व्हिटा', म्हणजे जीवन. नुकते जन्मलेले मूल जगू शकेल का, यासाठी तो शब्द आधी वापरला गेला. व्हायेबल म्हणजे जगू शकेल असे.

मी बराच वेळ काही बोललो नाही. संत्र्याच्या पट्ट्यातल्या एका शाखेत असताना एक शेतकरी माझ्याकडे येई. पहिली विहीर आटली, दुसरीचे कर्ज घेतले. दुसरी आटली, तेव्हा बोअर केले. तिन्ही वेळा प्रस्तावावर मी तेच वाक्य लिहिले. आसपास किती विहिरी आहेत, दरवर्षी पाणी किती खाली जाते, हे ना मी विचारले, ना वाक्याने मला विचारायला लावले. शेवटी बाग वाळली. त्याने वाळलेली झाडे तोडून सरपण म्हणून विकली आणि त्या पैशातून हप्ता भरायला आला. मी नोटा मोजल्या, पावती दिली. खाते नियमित झाले. त्या वर्षीच्या वसुलीत ती रक्कम शोभून दिसली.

त्या दिवशी मला 'व्हायेबल'चा अर्थ ठाऊक असता तर विहिरीला पाणी लागले असते, असे मी म्हणत नाही. पाणी शब्दाने लागत नाही. पण 'जगू शकेल असे' हे मराठीत, स्वतःच्या हाताने, त्या माणसाच्या देखत लिहावे लागले असते तर माझी लेखणी थांबली असती. इंग्रजी शब्दाने मला थांबू दिले नाही, कारण तो माझ्या कशालाच बांधलेला नव्हता. कर्जाला तारण लागते हे आम्ही खातेदाराला रोज सांगत असू. परभाषेतून उसना घेतलेला शब्दही विनातारण घेऊ नये, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आपल्या बोलीतला एखादा शब्द, आपल्या गावातले एखादे तळे, एखादे वावर त्याच्यामागे ठेवावे लागते. तरच तो आपला होतो, नाहीतर बुडीत खाते.

आज रामटेकसारख्या गावांतून हजारो मुले-मुली या परीक्षांना बसतात. शिकवणीवाले त्यांना याद्या देतात. वेळ कमी, जागा थोड्या, स्पर्धा मोठी. त्यांचेही चूक म्हणवत नाही. पण याच मुलांतून उद्याचे शाखाधिकारी, तलाठी, अभियंते येणार आहेत. 'सस्टेनेबल', 'मिटिगेशन', 'रिहॅबिलिटेशन' हे शब्द तेच कागदावर लिहिणार आणि त्या कागदावर कोणाचे तरी तळे, जंगल, घर असणार. पेंचचे जंगल इथून हाकेच्या अंतरावर आहे, मनसरची मँगनीजची खाण त्याहून जवळ. या शब्दांचे अर्थ त्यांना यादीतून नव्हे, इथून कळायला हवेत. प्रत्येक शिकवणीने वर्षाला निदान एक पुस्तक, कोणत्याही धर्माचे वा विचाराचे, मुलांबरोबर शेवटपर्यंत वाचावे, आणि रोजचा उतारा घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला लावावा. खर्च काही नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनाही कोणी काही सांगायला बसल्याचे बरे वाटेल.

आमचे पुस्तक दिवाळीनंतर संपले. मुलीची पहिली परीक्षा थोडक्यात हुकली, दुसरी आता व्हायची आहे. उत्तीर्ण होईल की नाही, मी सांगू शकत नाही. पण झालीच, आणि एखाद्या शाखेत बसून विहिरीच्या प्रस्तावावर ते जुने वाक्य लिहायची वेळ तिच्यावर आली, तर आधी ती समोरच्याला विचारील, "दादा, उन्हाळ्यात पाणी किती हाताला लागतं?" माझ्या हातून जे राहिले, ते तिच्या हातून होईल एवढी खात्री मला आहे.