वास्तू वाचली, प्रेक्षकाचे काय?

गिरगावातील रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ साली सम्राट पंचम जॉर्ज यांनी केले. १९९३ साली ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले. २०१८ साली तेथेच ‘द क्वार्टर’ हे संगीत व भोजनाचे स्थळ सुरू झाले. वास्तू वाचली, ही आनंदाचीच गोष्ट. डागडुजीला उत्पन्न लागते, हेही अर्थशास्त्राला मान्यच आहे.

परंतु जिथे दर हाच द्वारपाल असतो, तिथे प्रवेशबंदीची पाटी लावावी लागत नाही. बोळिंजचा नोकरदार विरारहून लोकलने चर्नी रोडला उतरतो. त्याच्या मुलीला तेथे बसून गाणे ऐकणे परवडेल काय? बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांसारख्या कलावंतांनी आणि तिकीट काढणाऱ्या पिढ्यांनी या रंगमंचाची प्रतिष्ठा घडविली. समाजाने निर्माण केलेल्या या मूल्यावर मालक खंड घेत असेल, तर समाजाचा वाटा त्याने परत केलाच पाहिजे.

म्हणून वारसावास्तूच्या वापरात बदलाची परवानगी देताना शासनाने अट घालावी: दरमहा ठराविक दिवस हौशी नाट्यसंस्था, शाळा व कामगार रंगभूमी यांना माफक दरात मिळावेत. कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी.