रोज एक फोटो, तोही दहावीच्या वर्षात!

गेल्या रविवारी सकाळी सकाळी ताईचा फोन. "तू ये जरा इकडे. तुझ्या भाचीला समजाव." आवाजावरून वाटलं, प्रकरण गंभीर दिसतंय. मनात नाही नाही ते येऊन गेलं. कोथरूडला पोचेपर्यंत समजावणीचं अख्खं भाषण तयार होतं. तिथे गेल्यावर कळलं की गुन्हा एवढाच: पोरगी फोटो काढते. रोज एक. आणि यंदा दहावी आहे!

ज्यांनी महाराष्ट्रात दहावी दिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दहावीचं पोरगं असलेल्या घरात वर्षभर सुतक असल्यासारखं वातावरण असतं. आमच्या वेळी केबल काढायचे, आता वाय-फायचा पासवर्ड बदलतात. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच.

तर भाची. नववीची परीक्षा संपली त्या दिवशी तिने हे सुरू केलं. ताईचा जुना फोन, काच तडकलेली, आत सिमकार्ड नाही. नियम तिचे तिनेच केलेत. दिवसाला एकच फोटो ठेवायचा. रात्री बाराच्या आत. सेल्फी नाही. कुठेही टाकायचा नाही. आणि वहीत तारखेपुढे एक ओळ लिहायची.

"कुठेच टाकत नाहीस? मग बघतं कोण?"

"मी," ती म्हणाली. (तिच्या चेहऱ्यावर 'मामा, तू पण ना' असा भाव.)

मी म्हटलं, दाखव. दोनशे दहा फोटो होते आणि एक मोकळी तारीख. त्या दिवशी अंगात ताप होता. वहीत ती जागा तिने तशीच कोरी सोडली आहे.

फोटो म्हणाल तर कशाचेच नाहीत. दाराच्या कडीला लटकलेली दुधाची पिशवी. क्लासबाहेरचा चपलांचा ढीग. इस्त्रीवाल्याच्या टेबलावर घड्या घातलेले सात शर्ट आणि खाली लिहिलंय, "पाच एकाच काकांचे. म्हणजे शनिवार-रविवार ते बनियनवर असतात." गणपतीच्या दहा दिवसांत गणपतीचा एकही फोटो नाही. आहे तो विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा, रस्त्यावर राहून गेलेल्या एकेकट्या चपलांचा. एका पानावर नुसतं भिंतीवरचं घड्याळ: "आज काहीच झालं नाही. तरी साडेनऊ वाजले."

मी भाषण विसरलो.

हे खूळ काही तिचं एकटीचं नाही. जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या अमेरिकन माणसाने ३१ मार्च १९७९ ला, कॉलेजात असताना, रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली. मित्र, जेवणाची ताटं, टीव्हीचा पडदा, रस्ते, जे समोर येईल ते. पोलरॉइडच्या एका पाकिटात फोटो दहा आणि पाकीट महाग, त्यामुळे आवडला नाही म्हणून चार वेळा काढायची सोय नव्हती. हे साडेअठरा वर्षं चाललं. साडेसहा हजारांहून जास्त फोटो. शेवटच्या महिन्यांतले फोटो हॉस्पिटलचे आहेत. २५ ऑक्टोबर १९९७ ला, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो कॅन्सरने गेला. पुढे मित्रांनी ते सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून लोकांसमोर आणले. मी ते एका रात्री ओळीने बघितले होते. हॉस्पिटलच्या फोटोंनी गलबलून येतंच, पण मला जास्त लागले ते त्याच्या आधीचे शेकडो साधे दिवस. कारण त्या माणसाला पुढचं माहीत नव्हतं.

दुसरा नोआ कलिना. ११ जानेवारी २००० ला, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने रोज स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढायला घेतला. २००६ मध्ये तोवरचे सगळे फोटो जोडून त्याने व्हिडिओ केला आणि तो कोट्यवधी लोकांनी बघितला. कल्पना भारीच. पण खरं सांगू का? मला भाचीचा नियम जास्त पटतो. सोळाव्या वर्षी रोज आरशात बघायला कोणी शिकवावं लागत नाही. रोज एकदा बाहेर बघायला मात्र लागतं.

आता माझं बघा. लहानपणीचे आमचे अल्बम आहेत, ते सगळे छत्तीस फोटोंच्या रोलचे. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, म्हणून एकाच रोलमध्ये गणपती, दिवाळी आणि मावसभावाची मुंज. सगळे जण नवे कपडे घालून सावधान उभे. आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराचा एकही फोटो नाही. बाबा ज्या खिडकीत बसून दाढी करायचे तिचा नाही. तिथे रोल कोण वाया घालवणार?

आणि आता माझ्या फोनमध्ये अकरा हजारांवर फोटो आहेत. त्यात स्क्रीनशॉट, ऑफिसच्या व्हाइटबोर्डचे फोटो, पार्किंगच्या खांबाचा नंबर आणि एकाच पिझ्झाचे सहा अँगल. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. परवा त्यांचा साधा, घरातला, बनियनवर पेपर वाचतानाचा फोटो शोधायला बसलो. तासभर बोट फिरवलं. नाही सापडला. लग्नातले, फेटा बांधलेले पन्नास मिळाले.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. सिस्टिम लॉग लिहीतच नसेल तर रात्री तीनला सर्व्हर पडल्यावर आपण आंधळे. आणि सगळंच लिहायला लावलं तर डिस्क भरते आणि हवी ती ओळ सापडत नाही. मग शहाणा माणूस ठरावीक अंतराने थोडं थोडं लिहून ठेवतो. सर्व्हर पडल्यावर बघायच्या असतात त्या आधीच्या कंटाळवाण्या ओळी, जेव्हा सगळं ठीक चाललं होतं. 'ठीक' म्हणजे काय, हे फक्त तिथेच कळतं. भाची नेमकं हेच करतेय. दिवसाला एकच ठेवायचा म्हटलं की निवडावं लागतं, आणि निवडायचं म्हटलं की बघावं लागतं.

ताईची बाजू अगदीच चूक नाही. रोज करायच्या गोष्टीचं ओझं होऊ शकतं. साखळी तुटली की जीव कासावीस व्हावा असे आकडे आम्हीच तुमच्या फोनमध्ये घालतो. पाप आमचंच आहे, मला माहितीये. पण जी पोरगी तापाचा दिवस कोरा सोडून दुसऱ्या दिवशी गुपचूप पुढे जाते, तिच्याबद्दल मला ती भीती नाही. आणि वेळ? रोजची दहा मिनिटं. मी दहावीत तबला सोडला होता, "परीक्षा झाली की बघू" म्हणून. दोन परीक्षा दिल्या होत्या त्याच्या. तबला अजून माळ्यावर आहे. दहावीचे टक्के मला गेल्या पंधरा वर्षांत कोणी विचारलेले नाहीत. तबल्याची आठवण मात्र कोणी न विचारताच येते.

हे सगळं मी ताईला सांगितलं. ढिम्म. "तुला काय जातंय बोलायला?" मग भाचीला विचारून मी वहीतलं एक पान तिच्यापुढे धरलं. फोटोत ओट्याशी पाठमोरी ताई, हात बटणावर. खाली ओळ: "आई दिवा बंद करायला आली आणि तशीच उभी राहिली. आज तिने मला तीनदा चहा विचारला. म्हणजे परीक्षेची काळजी तिला माझ्यापेक्षा जास्त आहे."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "केस किती पांढरे झालेत मागून." आणि आत जाऊन कढई चढवली.

तह असा झाला: फोटो चालू, पण रात्री साडेदहाच्या आत. असो. मामा म्हणून मी नापास, पण दुःख नाही.

निघताना भाचीला विचारलं, आजचा फोटो काढलास का? तिने वही पुढे केली. फोटोत मी, तोंडात घास. खाली लिहिलं होतं: "मामा मला समजावायला आला. पोहे खाऊन गेला."