काळ्यातून पांढरे काढताना
घरी लिनोछपाई सुरू करायला छापखाना लागत नाही. तळहाताएवढा लिनोचा तुकडा, व्ही आणि यू आकाराच्या पात्यांची कोरणी, रबरी रोलर, पाण्याने धुता येणारी छपाईची शाई आणि स्वयंपाकघरातला एक चमचा एवढ्यावर भागते. लिनो म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाची पूड यांचा तागाच्या कापडावर बसवलेला थर. थंडीत तो कडक होतो, म्हणून कोरण्याआधी जरा उन्हात ठेवावा. पाते अंगापासून दूर ढकलायचे आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा. या बाबतीत मी कुणालाही सूट देणार नाही. कोरलेले पांढरे राहते, उरलेले छापले जाते आणि सारे उलटे उमटते, त्यामुळे अक्षरे आरशात दिसतात तशी काढावीत. शाई काचेवर पातळ पसरावी, लिनोवर फिरवावी, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने सगळीकडे नीट घासावे. पहिल्याच चित्रात बारकावे मात्र कोंबू नका. नंदलाल बोस यांचे १९३० सालचे, हातात काठी घेऊन निघालेले गांधीजी बघा: काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेषा, पण दांडीयात्रेचा सगळा निर्धार त्या एका पावलात उतरला आहे! मुंबईत राहणाऱ्या चित्तोप्रसाद यांनी राबणाऱ्या मुलांची लिनोचित्रे केली. त्यांत करुणा आहे आणि संतापही, तोही फक्त काळ्या-पांढऱ्यात. कोरणी हातात घेण्याआधी ही चित्रे एकदा शांतपणे पाहाच.