खेळाडूचं करिअर तिशीत संपतं का?



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध तुमच्यापैकी बहुतेकांनी लिहिला असेल. जन्म, गाव, पदार्पण, शतकं किंवा गोल, पुरस्कार आणि शेवटी 'म्हणून तो मला आवडतो'. पण खेळाडू मैदान सोडतो तेव्हा तो फार तर पस्तिशीचा असतो. पुढची तीस वर्षं तो काय करतो? त्यावर निबंधात एक ओळही नसते. माझ्या मते खरा धडा तिथेच आहे.

जर्मनीचे हान्सी फ्लिक बायर्न म्युनिककडून खेळले, पण जर्मनीच्या मुख्य संघात त्यांना कधीच जागा मिळाली नाही. पुढे ते राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०१४ मध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला, त्यानंतर ते जर्मन फुटबॉल संघटनेचे क्रीडा संचालक झाले. आणि २०२० मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली बायर्नने चॅम्पियन्स लीग जिंकली.

आपल्याकडे असा प्रवास शोधायचा तर मला शिवाजी पार्कवर घडलेले संदीप पाटील आठवतात.

खेळाडू

जानेवारी १९८१. सिडनी कसोटीत लेन पास्कोचा चेंडू पाटील यांच्या डोक्याला लागला. हेल्मेट नव्हतं. पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, त्यांनी १७४ धावा काढल्या. १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले. १९८३ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामन्यात ३२ चेंडूंत नाबाद ५१. पण डिसेंबर १९८४ मध्ये ते शेवटची कसोटी खेळले. तेव्हा वय होतं फक्त २८! एकूण कसोटी २९.

आपला नेहमीचा निबंध इथे संपतो.

प्रशिक्षक

त्यांनी 'एकच षटकार' या मराठी क्रीडा पाक्षिकाचं संपादन केलं. मध्य प्रदेशच्या रणजी संघाचं नेतृत्व केलं. १९९६ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले, पण ती जबाबदारी काही महिनेच टिकली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, झालं, आता पुरे. पाटील केनियाला गेले. २००३ च्या विश्वचषकात केनियाने नैरोबीत श्रीलंकेला हरवलं आणि थेट उपांत्य फेरी गाठली. न्यूझीलंडचा संघ सुरक्षेच्या कारणाने नैरोबीला खेळायला गेला नाही, त्याचे गुण केनियाला मिळाले, हे खरं. पण श्रीलंका आणि झिम्बाब्वेवरचे विजय काही फुकट मिळाले नव्हते.

संचालक

आता एक कटू गोष्ट. तोच केनिया २०१४ मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जा गमावून बसला. एक चांगला प्रशिक्षक एक स्पर्धा गाजवू शकतो. पण खालून नवी मुलं येत राहावीत म्हणून शाळा, मैदानं, स्थानिक स्पर्धा यांची घडी बसवावी लागते. ते काम संचालकाचं. पाटील यांनीही २००९ नंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचं संचालकपद सांभाळलं आणि २०१२ ते २०१६ राष्ट्रीय निवड समितीचं अध्यक्षपद. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण ते झालं नाही की काय होतं, ते केनियाकडे बघून कळतं.

आपल्या गावाचं काय?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची मुलं आजही पाठीवर किट घेऊन पहाटेच्या लोकलने दादर गाठतात. जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच. मग शाळा, मग क्लास. गुण कमी नसतात हो, दम संपतो! आणि दहावी आली की पालक म्हणतात, "पुरे झालं खेळणं, त्यात काय भविष्य आहे?"

पालकहो, सगळी मुलं भारताकडून खेळणार नाहीत, हे मान्य. पण म्हणून खेळाशी नातं तोडायचं का? बी.पी.एड. करून क्रीडाशिक्षक होता येतं. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा डिप्लोमा आहे. फुटबॉलमध्ये 'डी' लायसन्सपासून सुरुवात करता येते. पंच आणि गुणलेखक तर प्रत्येक स्पर्धेला लागतात. यातली दहा मुलं जरी शिकून परत आपल्याच गावात उभी राहिली, तरी पुढच्या मुलाला सराव करायला दादर गाठावं लागणार नाही.

अर्थात, नुसती माणसं असून भागत नाही. मैदान मोकळं हवं, शाळेच्या वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताला देऊन टाकायची सवय सुटायला हवी. हे मी शिक्षक म्हणूनच सांगतोय.

तर विद्यार्थी मित्रांनो, यंदा 'माझा आवडता खेळाडू' लिहाल तेव्हा एक परिच्छेद जास्त लिहा: खेळणं थांबल्यावर त्याने काय केलं? तो शोधायला थोडे कष्ट पडतील. पण स्वतःचं पुढे काय करायचं, याचं उत्तर कदाचित त्याच परिच्छेदात सापडेल.