छोटीचा चार्ज कुणाकडे?

मागच्या आठवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या जी.एन.एम. झालेल्या आहेत. लग्नाआधी नोकरी केली, आता पदरात दोन वर्षांचा मुलगा आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करावं असं मनात आहे. घरचे नाही म्हणत नाहीत, पण होयही म्हणत नाहीत. "तुझं तू बघ बाई, पोराची आबाळ होता कामा नये," एवढंच. त्या विचारतात, "ताई, पोर इतकं लहान असताना शिकायला निघणं हा माझा स्वार्थ तर नाही ना?"

मी काही नर्स नाही. बी.ए. झालेली, सकाळी चार तास शाळेत मराठी शिकवणारी नि उरलेला दिवस घर बघणारी बाई. पण हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं मुक्कामाला होता. म्हणून उपदेश करण्यापेक्षा घरातलीच हकिगत सांगते.

आम्ही सांगलीला एकत्र राहतो. सासूबाई, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची छोटी. जाऊ जी.एन.एम. झालेली. छोटी अडीच वर्षांची असताना तिनं मिरजेच्या एका कॉलेजात पोस्ट बेसिकचा फॉर्म भरला. जी.एन.एम. होऊन राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली असेल तर हा कोर्स दोन वर्षांचा. बारावीनंतर थेट बी.एस्सी. नर्सिंगला गेलं तर चार वर्षं लागतात. पदवी हातात आली की नर्सिंगच्या शाळेत शिकवता येतं, पुढे एम.एस्सी.चीही वाट उघडते. तिला शिकवायचं होतं. म्हणायची, "वहिनी, रात्रपाळ्या करून कंबर गेल्यावर मग काय करू?"

पहिला विरोध माझाच. "छोटी बालवाडीत जाऊ दे, मग कर," असं मी म्हटलं. मायेनंच बोलतेय असं तेव्हा वाटलं. आज खरं सांगते, त्यात थोडा मत्सरही होता. मलाही एम.ए. करायचं होतं आणि माझी मुलं लहान असताना मला हेच सांगण्यात आलं होतं. मी ऐकलं, मग हिनं का ऐकू नये?

सासूबाईंच्या बहिणीनं तर विचारलं, "दुसऱ्याची घाण काढायला पदवी कशाला लागते?" मला रमाबाई रानडे आठवल्या. त्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि बायकांना नर्सिंग शिकायला पुढे आणलं, तेव्हाही हे काम घरंदाज बाईचं नव्हे असंच लोक म्हणत होते. शंभर वर्षं उलटली, वाक्य तेच! मावशींना मी हे ऐकवलं आणि ऐकवता ऐकवता माझा स्वतःचा विरोधही जरा ढिला पडला.

प्रवेश झाला. सगळे म्हणाले, "आम्ही आहोत ना!" मैत्रिणींनो, या वाक्यावर कुणी विसंबू नये. एकदा सकाळी सासूबाई काकड आरतीला गेल्या, कारण मी घरी असेन असं त्यांना वाटलं. मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला लवकर निघाले, कारण सासूबाई असतील असं मला वाटलं. भावजी गावाला गेलेले. जाऊ युनिफॉर्म घालून, छोटीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तिची बस गेली. असं पहिल्या काही महिन्यांत पाच वेळा झालं.

आम्हाला वाटलं, पाच दिवस म्हणजे काय मोठं! पण या शिक्षणाचा एक नियम आधी कुणी समजून घेत नाही. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयाची थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत किमान 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी वॉर्डातली प्रॅक्टिकलची हजेरी पूर्ण 100 टक्के भरावी लागते. पोराला ताप आला म्हणून चुकलेला दिवस माफ होत नाही, तो पुढे भरून द्यावाच लागतो. बी.ए.ला आम्ही मैत्रिणीच्या वह्या आणून पास झालो. इथे पेशंटच्या उशाशी उभं राहिल्याशिवाय सुटका नाही, आणि ते योग्यच आहे. जाऊचे ते पाच दिवस दिवाळीच्या सुट्टीत भरायला लागले. पहिल्या अंघोळीला घरात सगळे होते, फक्त छोटीची आई वॉर्डात होती.

भाऊबीजेच्या रात्री तिनं आम्हाला एकत्र बसवलं नि वहीचा एक कागद पुढे ठेवला. वार, वेळ आणि नाव. सकाळी साडेसहा ते बारा सासूबाई. बारा ते चार मी. रात्री आठ ते दहा भावजी, म्हणजे तेवढा वेळ तिला अभ्यासाला. प्रत्येक नावाखाली दुसरं नाव, पहिल्याला जमलं नाही तर.

मला राग आला. म्हटलं, "आम्ही काय पाळणाघरातल्या बाया आहोत?"

ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, वॉर्डात ड्यूटी संपली की आम्ही चार्ज देतो. कुठल्या पेशंटचं काय चाललंय, कुणाला कधी औषध, सगळं सांगून. चार्ज घेणारी आल्याशिवाय जाणारी हलत नाही. आपल्या घरात छोटी सगळ्यांची लाडकी आहे, पण तिचा चार्ज कुणाकडेच नसतो. मदत मिळते हो मला. मला ठरलेले तास हवेत."

कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटला.

त्याची खरी परीक्षा पहिल्या वर्षाच्या शेवटी झाली. दुसऱ्या दिवशी बालआरोग्याचा पेपर आणि आदल्या संध्याकाळपासून छोटीला जुलाब! सासूबाई म्हणाल्या, "खाणंपिणं बंद करा, पोट रिकामं राहू दे." आपल्याकडची ही जुनी समजूत, पण फार घातक. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी नि क्षार निघून गेल्यामुळे. रात्रीच डॉक्टरांना दाखवून आलो. मग जाऊनं 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओ.आर.एस.चं अख्खं पाकीट एकदम घातलं. अर्धं पाकीट अंदाजानं घालू नये, प्रमाण बिघडतं. दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक कप, त्याहून लहान असेल तर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. जेवण बंद नाही. मऊ भात, पेज, केळं चालू. केलेलं पाणी 24 तासांनंतर टाकून द्यायचं. डॉक्टरांनी झिंकच्या गोळ्या 14 दिवसांसाठी दिल्या त्या पूर्ण करायच्या. पाकीट मिळालंच नाही तर 1 लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, पाणीच पिईना किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

पहाटेपर्यंत छोटी पुष्कळ सावरली होती, पाणी पीत होती. तरी जाऊचा पाय निघेना. माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ की नको?" उत्तर सासूबाईंनी दिलं. "कागद करून दे, नि जा."

तिनं आणखी एक कागद केला. जुलाब, लघवी, ओ.आर.एस., खाणं, असे चार रकाने. चौथी शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी सकाळभर त्यात रेघा ओढल्या. बाराला मी शाळेतून आले तर चप्पल काढायच्या आत त्यांनी मला चार्ज दिला. "सकाळपासून दोन जुलाब, लघवी तीनदा, वाटीभर पेज पोटात गेली. आता तू घे, मी अंघोळीला जाते." मला हसू आलं नि डोळेही भरून आले. पेपर नीट गेला.

आता सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही. संध्याकाळी आई आली की छोटी कित्येकदा पाठ फिरवून माझ्याकडे धावायची. जाऊ तोंड धुण्याच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडायची. मग तिनं ठरवलं, घरी आल्यावर आधी अंघोळ, मग अर्धा तास फक्त छोटी. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तरी ती उठायची नाही, आम्ही उठायचो. फराळाच्या चकल्या विकत आल्या. पाहुणे आले तर पोहे मी केले, आणि "सून कुठाय?" याचं उत्तरही मीच दिलं. दोन्ही आघाड्यांवर शंभर टक्के मार्क मिळवायला गेलं की बाई आजारी पडते. घरातल्या काही विषयांत पास होण्यापुरतेच मार्क घ्यावेत.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीला आता थोडं कामाचं सांगते. फॉर्म भरण्याआधी कॉलेजात स्वतः जाऊन विचारा. प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, वेळा काय, रात्रपाळी किती, होस्टेलला राहायची सक्ती आहे का. दुसऱ्या वर्षी सामाजिक आरोग्याच्या कामाला खेड्यात जावं लागेल, ते दिवस कुठले? हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस झाले नसतील तर घ्या. ते शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. वॉर्डातून आल्यावर मुलाला जवळ घेण्याआधी हात साबणानं धुवा, कपडे बदला. युनिफॉर्म मुलाच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळ्या बादलीत गरम पाण्यात भिजवा नि कडक उन्हात वाळवा.

आणि "तुझं तू बघ" म्हणणाऱ्या मंडळींपुढे कोरा कागद ठेवा. परवानगी मागत बसू नका, मान्यतेची वाट बघू नका. किती ते किती, कोण, आणि ते नसतील तर कोण, एवढं लिहून घ्या. नावं भरली तर निर्धास्त प्रवेश घ्या. सगळ्या रकान्यांत तुमचंच नाव येत असेल, तर आधी पाळणाघर किंवा विश्वासाची बाई शोधा आणि मग फॉर्म भरा. पण बेत सोडून देऊ नका.

स्वार्थाचं म्हणाल तर जाऊ आता नर्सिंगच्या शाळेत शिकवते आणि छोटी बालवाडीत जाते. तिची काही आबाळ झाली नाही. चार माणसांचा लळा तेवढा लागला. दारामागचा कागद अजून तिथंच आहे. यंदा मी एम.ए.चा फॉर्म आणलाय, तेव्हा जाऊनं आपण होऊन त्या कागदावर दुपारच्या रकान्यात माझ्या मुलांपुढे स्वतःचं नाव लिहिलं.

तुमच्या कागदावर कुणाकुणाची नावं आली, मला जरूर कळवा.