आधी टायर बघा, मग पाना उचला!

मेकॅनिकलच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवा अन् डिफरन्शिअलची आकृती काढायला सांगा. क्राऊन व्हील-पिनियनसकट काढून देईल. व्हायवाची कृपा! पण त्यालाच विचारा, "फोर बाय फोर गाडीचा लिव्हर 4एचमध्ये अडकलाय, आधी काय करशील?" उत्तर ठरलेलं : "ट्रान्सफर केस खोलू."

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपल्याला भाग शिकवतात, बिघाड शिकवत नाहीत.

जुनी जिप्सी घ्या किंवा थार, यांची फोर व्हील ड्राइव्ह 'पार्ट-टाइम' प्रकारची. लिव्हर 4एचला टाकला की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात; मध्ये डिफरन्शिअल नसतो. आता वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत चाक जरासं घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वावच नाही, मग तो फरक शाफ्ट-गिअरमध्ये पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते, आणि दातांवर इतका दाब येतो की लिव्हर 2एचला येईचना.

इलाज? स्टिअरिंग सरळ करून गाडी थोडी रिव्हर्स घ्या, किंवा मातीवर उतरवा. पीळ सुटला की लिव्हरही सुटतो. खर्च शून्य! खोलाखोली केली तर मात्र मालकाच्या खिशाला चाट, आणि वर ऑइल सील गळायला लागलं तर ते वेगळंच.

सरळ रस्त्यावरही हाच त्रास होत असेल तर टायर मोजा. पुढे नवे अन् मागे गुळगुळीत झालेले टायर असले की घेर वेगळा, आणि 4एचमध्ये पीळ सतत चालू.

दुसरी नेहमीची तक्रार, "फोर बाय फोर लागतच नाही." हाताने फिरवायचे हब असतील तर खाली उतरून दोन्ही बघा. एक जरी 'फ्री'वर राहिला तरी पुढचा साधा डिफरन्शिअल सगळं फिरणं त्याच बाजूला वाया घालवतो, पुढून ओढ मिळतच नाही. आणि पुढचं एक, मागचं तिरपं दुसरं चाक हवेत असेल तर काहीच बिघडलेलं नसताना गाडी जागेवर उभी राहते. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागत नाही, मग जमिनीवरच्यालाही तेवढाच मिळतो. (नव्या गाड्यांत गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून यावर तोड काढलीये. झकास कल्पना!)

हे सगळं आपल्याच पुस्तकातल्या आकृतीत दडलेलं आहे बरं का. मग फाईलमध्ये तीच आकृती ट्रेस करून घेण्याऐवजी सरांनी लॅबमध्ये मुद्दाम एक हब 'फ्री' ठेवावा, दोन टायर वेगळे लावावेत, आणि आम्हाला पाना न देता अर्धा तास द्यावा. मार्कही त्याचेच असू देत.